एकदा शिक्षा झाली म्हणजे परवान्याचा रस्ता कायमचा बंद?

प्रश्न : मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला आहे. माझे धाकटे दीर वीस वर्षांचे असताना भंगारच्या दुकानात कामाला होते. तिथे आलेली मोटारीच्या वाइंडिंगची तांब्याची तार चोरीची निघाली आणि मालकाबरोबर यांच्यावरही केस झाली. २०११ साली निकाल लागला. जेलमध्ये जावं लागलं नाही, कोर्टाने घरी सोडलं. त्यानंतर भाऊजींच्या नावावर एकही तक्रार नाही. आता त्यांना जुने माग, मोटारी, सुटे भाग घेऊन विकायचा धंदा टाकायचा आहे, आणि जमलं तर शेजारच्या गाळ्यात सोनं तारण ठेवून पैसे द्यायचं दुकान. ओळखीच्या एकाने सांगितलं, ‘शिक्षा झालेल्याला परवाना मिळत नाही, वहिनींच्या नावावर काढा.’ माझा मुलगा कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. तो म्हणतो, परदेशात अशी अपात्रता माफ करून घेता येते. आपल्याकडे तशी काही सोय आहे का? आणि परवाना माझ्या नावावर काढला तर चालेल का?

— एक वाचक, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यात धोका आहे. परवाना तुमच्या नावावर काढून दुकान भाऊजींनी चालवायचं, हे अजिबात करू नका. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ हा अर्जदाराचं नाव बघून थांबत नाही. धंद्याच्या व्यवस्थापनाला जो जबाबदार आहे किंवा असणार आहे, त्याचाही पूर्वेतिहास तो बघतो. गल्ल्यावर भाऊजी बसणार असतील तर त्यांची अडचण तुमच्या अर्जालाही लागू होते. ती लपवली आणि पुढे उघड झाली, तर आज ज्यांच्या नावावर काहीच नाही अशा तुम्ही त्यात अडकाल. तुमचं नाव स्वच्छ आहे, ते कुणाला उसनं देऊ नका.

आता मूळ प्रश्न. तुमच्या मुलाने सांगितलं ते खरं आहे. ऑस्ट्रेलियात जुन्या वस्तूंचे व्यापारी आणि गहाणवटदार यांना एकाच कायद्याखाली आणलेलं आहे. व्हिक्टोरिया राज्याचा असा कायदा १९८९ चा, न्यू साउथ वेल्सचा १९९६ चा, क्वीन्सलँडचा २००३ चा. चोरीचा माल खपवायच्या जागा दोनच, जुना बाजार आणि गहाणवटीचं दुकान, असा त्यामागचा विचार. म्हणून अप्रामाणिकपणाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला माणूस या धंद्याला अपात्र ठरतो, आणि अशी अपात्रता उठवून मिळावी म्हणून दाद मागायची वाटही तिकडे ठेवलेली असते. इंग्लंडने तर १९७४ सालीच स्वतंत्र कायदा करून ठरवलं की ठरावीक वर्षं सरळ वागलेल्या माणसाची जुनी, लहान शिक्षा बहुतेक कामांसाठी जमेस धरायची नाही.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे, आणि तुमच्या भाऊजींच्या बाबतीत ते जरा विचित्रच दिसतं.

जुने माग, मोटारी, बिडाचे सुटे भाग यांच्या व्यापाराला महाराष्ट्रात ऑस्ट्रेलियासारखा एकत्रित परवाना नाही. दुकानाची नोंद महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ प्रमाणे होते. कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर नुसती सूचना दिली की पुरे. उलाढालीप्रमाणे जीएसटीची नोंदणी करावी लागेल. जागा महापालिकेच्या हद्दीत असेल आणि साठवणुकीचा किंवा कापण्या-वितळवण्याचा प्रकार असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम ३७६ खाली परवाना लागू शकतो. तो मुख्यतः आग, धूर, उपद्रव यांचा विचार करणारा परवाना आहे. यात कुठेही चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची शिक्षा आड येत नाही. जुन्या गाड्या घेऊन विकायच्या असत्या तर गोष्ट थोडी वेगळी. त्या व्यापाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं प्राधिकारपत्र आलं आहे, पाच वर्षांच्या मुदतीचं, आणि गाडी ताब्यात घेताना मालकाने २९-सी नमुन्यात कळवायचं असतं. पण भाऊजींचा विषय मागांचा आहे.

सोनेतारणाच्या दुकानाला मात्र परवाना लागतोच. महाराष्ट्रात गहाणवटदारांसाठी वेगळा कायदा नाही. दागिना ठेवून घेऊन व्याजाने पैसे देणारा हा सावकारच, आणि त्याला सावकारी परवाना हवा. (अक्कलकोटच्या पुढे राज्याची हद्द ओलांडली की कर्नाटकाचा १९६१ चा स्वतंत्र गहाणवटदार कायदा लागू होतो. इथला परवाना तिथे चालत नाही आणि तिथला इथे नाही.) परवाना मागायचा तो सहकार खात्याकडे. तालुक्याला सहायक निबंधक आणि जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक हेच सावकारीचेही निबंधक असतात.

आणि अडचण इथेच आहे. परवाना नाकारायची कारणं कायद्याने ठरवून दिली आहेत. त्यांतलं एक असं, की अर्जदार किंवा त्याचा व्यवस्थापक भारतीय दंड संहितेच्या सतराव्या प्रकरणातल्या गुन्ह्यात, किंवा खोटे दस्त आणि खोटे हिशेब यांच्या काही कलमांखाली दोषी ठरलेला आहे. सतरावं प्रकरण म्हणजे मालमत्तेविरुद्धचे गुन्हे. चोरीचा माल घेणं, जुनं कलम ४११, त्यातलंच. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि हा गुन्हा आता तिच्या कलम ३१७ मध्ये आहे, पण २०११ चा निकाल जुन्या कलमाचाच राहतो.

म्हणजे ज्या भंगारच्या धंद्यात तो गुन्हा घडला, तो धंदा भाऊजी उद्या सकाळी सुरू करू शकतात. ज्या सोन्याच्या धंद्याशी त्यांचा कधी संबंध आला नाही, तिथे त्यांना अडवलं जातं.

हे कारण बनवणाऱ्यांचा हेतू मला पटतो. मागावरची बाई डाग गहाण ठेवते तेव्हा काय होतं ते बघा. सोनार किंवा सावकार डाग कसोटीवर घासतो, काट्यावर ठेवतो, मण्यांचं आणि लाखेचं वजन वजा धरतो, पावतीवर वजन आणि रक्कम लिहितो आणि डाग कपाटात जातो. त्यानंतर त्या बाईच्या हातात एक कागद उरतो. वर्षभराने सोडवायला आली तर तोच डाग, तेवढ्याच वजनाचा परत मिळेल, ही खात्री त्या माणसाच्या सचोटीवर उभी असते. तिथे अपहार किंवा फसवणूक केलेला माणूस नको, यात वावगं काही नाही.

पण सतरावं प्रकरण फार रुंद आहे. त्यात चोरी, अपहार, विश्वासघात, फसवणूक आहे, तशी नासधूस आणि अतिक्रमणही आहे. बांधावरून भांडण झालं, शेजाऱ्याच्या रानात पाऊल पडलं, कोर्टात दंड भरला, तर तोही मालमत्तेविरुद्धचाच गुन्हा. उलट मारहाणीचं प्रकरण सोळावं आणि धमकीचं बाविसावं, म्हणून ते या कारणात बसत नाहीत. कर्जदार सावकाराविषयी रडतो तो बहुतेक वेळा दमदाटीमुळे. मग बांध कोरणारा अपात्र आणि दम देणारा या कारणापुरता पात्र, ही मांडणी उलटी आहे. कर्जदाराला छळणं हा सावकारी कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि परवानाधारकाने या कायद्याचा भंग केला तर कोर्ट परवाना रद्द करून त्याला ठरावीक काळासाठी अपात्र जाहीर करू शकतं, एवढा दिलासा आहे. त्या अपात्रतेला निदान मुदत असते. सतराव्या प्रकरणाच्या कारणाला मुदतीचा उल्लेखच नाही. वीस वर्षांच्या मुलाने केलेली चूक आणि मागच्या वर्षी पन्नाशीच्या माणसाने केलेला अपहार एकाच ओळीत बसवले आहेत. विधिमंडळाने इथे वर्षांची मर्यादा घालायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमच्या मुलाचा प्रश्न : मग ही अपात्रता उठते कशी? निबंधकाकडे ‘माफ करा’ असा वेगळा अर्ज करायची सोय या कायद्यात नाही. वाट आहे ती फौजदारी न्यायालयातून जाते, आणि ती वाट शिक्षेच्याच दिवशी उघडी असते. हे फार थोड्यांना माहीत असतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ हा देशभराचा कायदा. पहिल्यांदाच चुकलेल्या माणसाला तुरुंगात घालण्याऐवजी न्यायालय त्याला कलम ३ खाली समज देऊन किंवा कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेऊन सोडू शकतं. कलम ३ मुख्यतः दोन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांना आणि चोरीसारख्या नाव घेऊन सांगितलेल्या काही गुन्ह्यांना लागू होतं. कलम ४११ ची शिक्षा तीन वर्षांपर्यंत, म्हणून भाऊजींच्या बाबतीत कलम ४ पाहायचं. आरोपी एकवीस वर्षांच्या आतला असेल तर कलम ६ प्रमाणे न्यायालयाने शक्यतो तुरुंगवास देऊ नये, परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा, आणि तुरुंगवास द्यायचाच झाला तर कारणं लिहून ठेवावीत. आणि मग येतं कलम १२. कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्या माणसाला, दुसऱ्या कोणत्याही कायद्यात काहीही म्हटलेलं असलं तरी, दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता भोगावी लागणार नाही, असं ते सांगतं. बंधपत्राच्या अटी मोडून पुढे मूळ गुन्ह्यासाठी शिक्षा झाली तर मात्र हे संरक्षण जातं.

तुमच्या मुलाने हे कलम मुळातून वाचावं. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये बक्षी राम यांच्या प्रकरणात त्याची हद्द आखून दिली. परिवीक्षेवर सुटला म्हणून गुन्हा पुसला जात नाही, सरकारी नोकरीतून खात्याने काढलं तर कलम १२ नोकरी परत मिळवून देत नाही. पण एखाद्या कायद्यानेच दोषसिद्धीला चिकटवलेली जी अपात्रता असते, तीच उठवण्यासाठी हे कलम आहे. सावकारी परवान्याची अडचण नेमकी त्या जातीची आहे, असं मी मानते.

म्हणून आता सगळं एका कागदावर येऊन ठेपतं. ‘जेलमध्ये जावं लागलं नाही, कोर्टाने घरी सोडलं’ एवढ्यावरून काही कळत नाही. घरी सोडण्याचे प्रकार अनेक. कलम ४ खाली बंधपत्रावर सोडलं असेल तर उत्तम. पण ‘गुन्हा कबूल, दंड भरला, कोर्ट उठेपर्यंत साधी कैद’ असं असेल, तर माणूस त्याच संध्याकाळी घरी येतो आणि तरी ती पूर्ण शिक्षा असते. कलम १२ तिथे लागू होत नाही. सोलापूरच्या न्यायालयात नक्कल विभागात अर्ज करून निकालपत्राची प्रमाणित प्रत काढा. खटल्याचा नंबर आठवत नसेल तर पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर, साल आणि आरोपींची नावं यांवरून शोध घेता येतो. प्रत हातात आली की शेवटचं पान बघा, ‘आदेश’ या शब्दाखालचा मजकूर.

त्यात परिवीक्षेचं कलम असेल, तर परवान्याच्या अर्जात ही केस सरळ लिहा, निकालपत्राची प्रत जोडा आणि कलम १२ चा आधार घ्या. नाकारण्याआधी अर्जदाराला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि नाकारलं तर वरिष्ठाकडे अपील करता येतं. तोंडी ‘तुमचं होणार नाही’ ऐकून परत येऊ नका, लेखी आदेश मागा. लेखी आदेशाशिवाय अपील उभं राहत नाही.

त्यात नुसता दंड असेल, तर वाट अवघड आहे, पण सगळी बंद नाही. परिवीक्षेचा आदेश अपिलात किंवा पुनरीक्षणातही मिळू शकतो, कलम ११ तसं म्हणतं. गुन्हा कबूल केलेला असला तर दोषी ठरवण्याविरुद्ध अपील साधारणपणे होत नाही, शिक्षेपुरतं होऊ शकतं. इतक्या वर्षांचा उशीर माफ करायचा की नाही हे न्यायालय ठरवेल, आणि ते सोपं जाणार नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. भाऊजी आज एखाद्या कारखान्यात कामाला असतील तर ते यात बसू शकतात.

आणखी काही वाटा लोक सुचवतात, त्यांच्याविषयी थोडक्यात. शिक्षेत सूट मिळाली म्हणजे अपात्रता गेली, हा समज चुकीचा आहे. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शरतचंद्र राभा यांच्या निवडणूक प्रकरणात सांगितलं की सूट शिक्षेचा काळ कमी करते, दोषसिद्धी तशीच राहते. राज्यपालांची अनुच्छेद १६१ खालची पूर्ण माफी वेगळी, पण दंडाच्या केसमध्ये तिच्यामागे धावण्यात अर्थ नाही. दोषसिद्धीला स्थगिती अपील चालू असतानाच मिळते, आणि तीही अपवाद म्हणूनच. १९९५ च्या रामा नारंग निकालाने तिचा रस्ता खुला केला तो अशाच सावधपणे.

एक गोष्ट मला पोटतिडकीने सांगायची आहे, तुमच्यासाठी नाही तर एमआयडीसीतल्या इतर घरांसाठी. खाडे पडतात, तारखांना जाऊन जाऊन माणूस कंटाळतो, कुणीतरी म्हणतं ‘कबूल करून टाक, हजार रुपयांत सुटशील’. त्या दिवशी ते स्वस्त वाटतं. आरोपीने किंवा त्याच्या वकिलाने त्याच क्षणी ‘पहिलाच गुन्हा आहे, परिवीक्षेचा विचार व्हावा’ एवढं एक वाक्य म्हटलं असतं, तर पुढची कितीतरी दारं उघडी राहिली असती. ज्यांच्या घरात आज अशी केस चालू आहे, त्यांनी पुढच्या तारखेला वकिलाशी यावर बोलावं. माल ज्याचा चोरीला गेला त्याच्याशी कलम ४११ मध्ये तडजोडही होऊ शकते, आणि कायदेशीर तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच असतो. आणि नुसती केस चालू आहे, आरोपपत्र दाखल आहे, म्हणून कुणी ‘दोषी ठरलेला’ होत नाही. परवान्याचं कारण दोषी ठरण्याचं आहे, हेही लक्षात ठेवा.

सोलापूरकरांना हे सांगताना मला इथलाच जुना इतिहास आठवतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या १९११ च्या नव्या रूपाने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची सेटलमेंट उभी राहिली. कुंपणातली माणसं गिरण्यांत कामाला जायची आणि हजेरीला परत यायची. त्यांतल्या कित्येकांनी कुठलाही गुन्हा केलेला नव्हता, तरी त्यांच्यावरचा शिक्का कोणत्याही न्यायालयात उठवून घेता येत नव्हता, कारण तो कोणत्याही न्यायालयाने मारलेलाच नव्हता. मुंबई प्रांताने तो कायदा १९४९ मध्ये आणि देशाने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द केला. विमुक्त दिन साजरा होतो तो त्याचाच. तरी भंगार, जुने कपडे, जुनी भांडी या धंद्यांत असलेल्या विमुक्त समाजाच्या माणसाकडे आजही पहिला संशय वळतो. ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातिभेदाबरोबर या जमातींना ‘सराईत’ समजण्याच्या वृत्तीवरही बोट ठेवलं आणि त्यांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांना बजावलं. तुमच्या शेजारपाजारी असं कुणी असेल आणि ‘तुमच्या जातीला परवाना मिळत नाही’ असं कुणी त्यांना सांगत असेल, तर ते धादांत खोटं आहे. कायदा दोषसिद्धी विचारतो, जात नाही.

भाऊजींना माझा सल्ला असा, की आधी जुन्या मागांचा धंदा नीट उभा करावा. अक्कलकोट रोडला शटलचे जुने माग निघतात आणि रॅपिअर बसतात, तेव्हा सांगाडे, मोटारी, डॉबी, जॅकार्डचे भाग बाजारात येतात. त्यात कष्टाळू माणसाला काम आहे. मात्र जळलेली, काजळी धरलेली तांब्याची तार कुणी पोत्यात भरून रात्री आणली तर भाव कितीही कमी असो, दारातून परत पाठवावी. चोरीनंतर थोड्याच काळात तो माल ज्याच्याकडे सापडतो आणि ज्याला त्याचा हिशेब देता येत नाही, त्यानेच तो चोरला किंवा चोरीचा आहे हे माहीत असून घेतला, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. पुराव्याच्या जुन्या कायद्यात ते कलम ११४ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ११९ आहे. प्रत्येक खरेदीला विकणाऱ्याचं नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत, मालाचा फोटो, कारखान्याचं बिल किंवा पत्र आणि पैसे शक्यतो बँकेतून, एवढं वहीत असलं की माल कुठून आला हे दाखवायला अडचण येत नाही. दोन-तीन वर्षांच्या अशा स्वच्छ वह्या उद्या निबंधकापुढे किंवा न्यायालयापुढे त्यांच्या बाजूने बोलतील.

प्रश्न : आमच्या लाइनीत एकजण सोन्यावर पैसे देतो. माझी बोरमाळ त्याच्याकडे आहे. त्याचा परवाना नूतनीकरण झालेला नाही असं आता कळलं. माझी माळ बुडाली का?

— आणखी एक वाचक, त्याच भागातून

उत्तर : नाही. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि अशा माणसाकडे तारण असलेली वस्तू कर्जदाराला परत देण्याचा आदेश निबंधक देऊ शकतात. पैसे वसूल करून द्या असा दावा त्याने लावला तर परवान्याशिवाय त्याला हुकूमनामा मिळत नाही.

आधी खात्री करा, की त्या व्यवहाराच्या तारखेला परवाना होता की नाही. परवाना होता आणि नंतर संपला, तर गोष्ट वेगळी. मग माळ सोडवायचा तुमचा हक्क नेहमीसारखा आहे. भारतीय करार अधिनियमाप्रमाणे तारण विकायचं तर आधी वाजवी मुदतीची नोटीस द्यावी लागते, आणि प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत पैसे भरून वस्तू सोडवता येते. व्याजही मनाला येईल तेवढं नाही. सरकारने २०१४ मध्ये जाहीर केलेले वार्षिक दर शेतकऱ्याला तारणावर ९ टक्के, विनातारण १२ टक्के, इतरांना तारणावर १५ आणि विनातारण १८ टक्के असे आहेत. ‘शेकडा तीन’ म्हणून महिन्याला तीन टक्के घेतले जात असतील तर ते वर्षाचे छत्तीस झाले.

पावती जपून ठेवा. पावतीच दिलेली नसेल तर तेही तक्रारीत लिहा. अर्ज सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या नावाने करा, माळेचं वजन, ठेवल्याची तारीख, घेतलेली रक्कम, आजवर भरलेलं व्याज आणि साक्षीदार असतील तर त्यांची नावं लिहा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ज्या मोठ्या कंपन्या रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या आहेत त्यांच्याविरुद्धची तक्रार मात्र या कार्यालयात चालत नाही. मे २०२२ च्या नेडुंपिल्ली फायनान्स निकालाने त्यांना राज्यांच्या सावकारी कायद्यांबाहेर ठेवलं आहे, त्यांची दाद रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मागायची.